मशीन चांगलंय, काकी

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईला नाही. सिद्धनाथाच्या दारात जाते तेव्हा नारळ ठेवते, हात जोडते, घरचंदारचं सगळं बोलते — हे एवढं सोडून. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा दाबून दाबून आता ते आतल्या आत कुजायला लागलंय म्हणून.

आधीच सांगून ठेवते, मी काही गरीब गाय नाही. माझ्याशी कुणी वाकडं वागलं तर मी विसरत नाही. भांडतही नाही — भांडून मोकळी होणारी माणसं वेगळी असतात, आणि मला त्यांचा हेवा वाटतो. मी ठेवून देते. नीट घडी घालून ठेवते. आणि वेळ आली की... पण ते पुढं.

माझं माहेर म्हसवड. आमच्याकडं मेंढरं होती, माळ होता आणि पाणी नव्हतं. लग्न होऊन आले ती कोयनानगरला, जिथं पाण्याशिवाय दुसरं काही नाही. मालक धरणाच्या कॉलनीत कामाला आहेत. मी घरातून दुरुस्तीची कामं घेते — मिक्सर, गिझर, पंखे, वॉशिंग मशीन. साताऱ्याला आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड केला होता, तो असा उपयोगी पडला. दुरुस्तीला बाई येणार म्हटलं की बायका न बिचकता दार उघडतात. गडीमाणूस घरात नसला तरी मला थेट आत घेतात, चहा देतात, मनातलं बोलतात. माझ्या शब्दावर लय विश्वास आहे लोकांचा. हे लक्षात ठेवा.

पावसाळ्यात इकडं कपडे वाळत नाहीत. म्हणजे वाळतच नाहीत. दोरीवरचा टॉवेल काढावा तर नाकाशी नेववत नाही. घरात तान्हं मूल असलं तर शेगडीवर बांबूची बुट्टी उपडी घालून तिच्यावर दुपटी टाकायची, आणि धुराचा वास आला तरी तीच बाळाला गुंडाळायची. म्हणून ज्या घरात कुणी फौजेत आहे, त्या घरात हल्ली कँटिनमधून कपडे वाळवायचं मशीन येतं. ड्रायर. आत ड्रम फिरतो, मागच्या बाजूला हिटर असतो, गरम हवा कपड्यांतून जाते आणि बाहेर पडते. फार काही नसतं त्यात.

असाच एक ड्रायर बघायला पाटणच्या बाजूच्या एका गावातून मला फोन आला. ऊसवाल्यांचं घर, मुलगा फौजेत. फोनवर सासूबाई होत्या. म्हणाल्या, "आवं, आमच्या सुनंला मशीन चावतंय म्हणं. मला न्हाई चावत, पोराला न्हाई चावत, हिलाच तेवढं चावतंय. या एकदा, आन् काय त्ये तोंडावर सांगून जावा."

मी गेले. आणि चहाचा कप घेऊन जी बाहेर आली, ती रूपाली होती.

आता रूपालीचं सांगायलाच पाहिजे. टाळत होते — तिचं नाव घेतलं की माझा आवाज बदलतो, मालकसुद्धा म्हणतात.

आयटीआयला असताना मुलींच्या एका वसतिगृहात आम्ही एका खोलीत होतो. ती कोरेगावची, शिवणकामाच्या ट्रेडला. बोलायला गोड. थंडीत अंघोळीला गरम पाणी मिळायचं नाही, म्हणून तिनं पाणी तापवायची कांडी लपवून आणली होती. त्याला बंदी होती. एक दिवस बादलीत कांडी लावून बाईसाहेब खाली मैत्रिणींशी गप्पा मारत बसल्या. पाणी आटलं, प्लॅस्टिकची बादली पेटली, गादी पेटली. कुणी मेलं नाही एवढंच. वॉर्डनबाईंनी विचारलं, कांडी कुणाची? आणि रूपालीनं माझ्याकडं बोट दाखवलं. म्हणाली, हिची. ही वायरमनला आहे ना, हिलाच असल्या गोष्टी जमतात.

मी किती सांगितलं. कोण ऐकणार? शिवणकामवाली पोरगी खरी, वायरमनवाली खोटी. माझ्या वडलांना बोलावून घेतलं. माझे वडील — डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडं — वॉर्डनबाईंपुढं हात जोडून उभे राहिले. मला वसतिगृहातून काढलं. वीज कंपनीत अप्रेंटिस म्हणून माझं नाव जाणार होतं, ते गेलं नाही. म्हसवडला एसटीतून उतरताना वडील एवढंच म्हणाले, "केलंस त्ये केलंस, वर खोटं कशापायी बोललीस?" ते अजून आहेत. अजून त्यांना वाटतं ती कांडी माझी होती.

तर ती रूपाली. कप हातात, डोक्यावर पदर, कडेवर आठ-नऊ महिन्यांचं पोर. मला वाटलं आता हिचा चेहरा पडेल. हातातला कप हलेल, निदान नजर तरी खाली जाईल. पण ती खुलली. "अगं संगे, तू?" म्हणाली, आणि मला मिठीच मारली. सासूला कौतुकानं सांगायला लागली — आत्याबाई, ही आमची हॉस्टेलची मैत्रीण, लय हुशार, हिच्यासारखं काम कुणाला येत नाही. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, देव पावला बघ, आता तूच सांग ह्यांना.

तिला आठवतच नव्हतं. किंवा आठवत असेल आणि तिच्या लेखी ते काही नसेल. कुठलं जास्त वाईट? मला अजून ठरवता आलेलं नाही. मी मात्र तेवढ्यात, तिच्या मिठीत असतानाच, पेटले होते.

मशीन मागच्या पडवीत होतं, न्हाणीच्या दाराला लागून. खाली शहाबादी फरशी, कायम ओली. रूपाली पोराला निजवायला गेली, सासूबाई शेजारीण आली म्हणून बाहेर गेल्या, आणि मी मागचं झाकण काढलं. फार शोधावं लागलं नाही. हिटरच्या कडेचा, करंट अडवणारा चिनीमातीचा तुकडा तडकला होता. कपड्यांचा ओलसर कापूस तिथं साचून बसला होता, त्यातून करंट थेट मशीनच्या पत्र्यावर येत होता. अर्थिंग असतं तर तो जमिनीत गेला असता, फ्यूज उडाला असता, सगळ्यांना कळलं असतं. पण कनेक्शन देणाऱ्या वायरमननं अर्थिंगची हिरवी तार कापून तिच्यावर टेप गुंडाळली होती. इकडं करतात असं. घराला अर्थिंगच नसलं की हिरव्या तारेला जोडायचं कशाला, असा हिशोब.

आणि हिलाच का चावायचं? साधं होतं. सासूबाईंचे गुडघे दुखायचे म्हणून त्या घरात रबरी चपला घालायच्या. मुलगा सुट्टीवर आला की पायात चप्पल. सून मात्र अनवाणी. थोरामोठ्यांसमोर सुनेनं घरात चप्पल घालून फिरायचं नाही, ही त्या घराची रीत. ओल्या फरशीवर ओले पाय आणि ओले कपडे हातात — त्या घरात करंट बसण्याजोगं माणूस एकच होतं.

म्हणजे ती अक्षर न अक्षर खरं बोलत होती.

सगळे पडवीत जमले. मी टेस्टर काढला. तुमच्याही घरी असेल — स्क्रूड्रायव्हरसारखा असतो, आत बारका दिवा. टोक पत्र्याला टेकवायचं आणि मागच्या टोपीवर अंगठा ठेवायचा. अंगठा ठेवला तरच दिवा लागतो. नाही ठेवला तर समोर कितीही करंट असू दे, दिवा विझलेलाच. घरोघरी टेस्टर असतो, पण अंगठ्याकडं कुणाचं लक्ष नसतं, सगळे दिव्याकडं बघतात.

मी मशीन चालू केलं. टोक पत्र्याला टेकवलं. आणि अंगठा टोपीवर ठेवला नाही.

एवढंच केलं मी. बोटभर अंतराचं पाप.

"मशीन चांगलंय, काकी," मी म्हटलं.

रूपालीनं दिव्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिला वाटलं मी अजून बघेन, आत काहीतरी सापडेल. सासूबाईंनी चपलेसकट पुढं होऊन पत्र्यावर हात फिरवला आणि हसल्या. रूपाली म्हणाली, "मग मी चप्पल घालत जाऊ का इथं येताना?" किती साधा प्रश्न होता. व्हय म्हटलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं, आणि माझं खोटंही झाकलं गेलं असतं. मी म्हटलं, चप्पल कशाला? मशीनला झालंय काय? आणि वर जोड दिली — बाळंतपणानंतर होतात असे भास कुणाकुणाला.

भास. हा शब्द त्या घरात माझा. त्याच्या आधी सासूबाई तिला कामचुकार म्हणत होत्या. कामचुकार सुनेचं काही बिघडत नाही, बोलणी खाऊन ती जगते. भास होणाऱ्या सुनेचं वेगळं असतं.

घरी आले आणि मी पुरणपोळी केली. सण नव्हता. मालकांनी विचारलं, आज काय विशेष? मी म्हटलं, मनात आलं. मला बरं वाटत होतं हो. लय वर्षांनी छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं. आता कळू दे तिला, खरं सांगून कुणी ऐकत नाही तेव्हा कसं वाटतं. माझं काय चुकलं, असं मी स्वतःला विचारलं आणि काही चुकलं नाही असं उत्तर दिलं.

मग ती मला चोरून फोन करायला लागली. संगे, परत एकदा ये गं. मी गेले. पुन्हा तेच केलं. आता तर दोन्ही नणंदासुद्धा बघायला होत्या. रूपाली रडली. "मला खरंच बसतो गं," म्हणाली, "दंडापर्यंत मुंग्या येतात." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, झोप होते का तुझी नीट? आणि तिच्या सासूकडं असं बघितलं की त्यांना जे समजायचं ते समजलं.

ती मशीनपुढं जेवायचा पाट ठेवून त्यावर उभी राहायला लागली. सासूनं पाट काढून घेतला — जेवायच्या पाटावर पाय देतात का? मग तिनं खताचं पोतं अंथरलं. तेही फेकलं. तोवर पोर रांगायला लागलं होतं. दाद्या म्हणायचे त्याला. दाद्याला फिरता ड्रम फार आवडायचा. काचेतून रंगीत कपडे फिरताना दिसायचे ना. घरात सोडला की तो थेट पडवीकडं निघायचा. मग रूपालीनं पडवीच्या दारात पिंप आडवं लावायला सुरुवात केली. घरचे ते काढायचे, ती पुन्हा लावायची. हे सगळं सासूबाईच मला फोनवर सांगायच्या, कारण मी आता जाणकार होते.

मला तेव्हा दाद्याची भीती वाटली का? वाटली. खोटं बोलत नाही. पण भीतीबरोबर दुसरंही होतं — अजून जरा, अजून जरा घुसमटू दे हिला, असं. माणसाच्या मनात दोन्ही एका वेळी मावतं. मी बघितलंय.

एक दिवस मशीन चालू असताना दाद्या ओल्या फरशीवरून त्याच्या पार जवळ पोचला. रूपालीनं धावत जाऊन त्याला एका हाताला धरून ओढलं. इतक्या जोरात की पोराचा खांदा निखळला. तो किंचाळला, घर गोळा झालं. आणि त्याच तिरमिरीत तिनं कोयता घेऊन मशीनची वायर तोडली. चालू मशीनची. त्यात ती कशी वाचली देव जाणे.

बघणाऱ्यांना काय दिसलं? हातात कोयता घेतलेली सून आणि हात लोंबत असलेलं पोर.

फौजीला फोन गेला. रूपालीला कोरेगावला माहेरी पोचवलं. दाद्याला ठेवून घेतलं. अंगावर पिणारं पोर होतं ते. तिच्या वडलांना सांगितलं, आधी डोक्याचा इलाज करा, मग बघू.

मी जिंकले होते की नाही? तसं बघितलं तर जिंकले होते. माझी अप्रेंटिसशिप गेली, तिचं पोर गेलं. फेडताना मी हात सैल सोडला होता.

सासूबाईंनी तोडलेली वायर बदलायला मला बोलावलं. मी पडवीत काम करत बसले आणि दाद्या, खांद्याला पट्टा बांधलेला, एका हातावर सरकत सरकत आला. मशीनला धरून उभं राहायचं होतं त्याला. चांगला हात तोंडात घालून चोखत होता, लाळेनं मनगटापर्यंत ओला. तोच हात त्यानं पत्र्यावर ठेवला. वायर जोडलेली नव्हती म्हणून काही झालं नाही. तो माझ्याकडं बघून हसला. रूपालीसारखंच हसतो.

त्या दिवशी मी ते मशीन दुरुस्त केलं. मनापासून, नीट. आतला सगळा कापूस काढला. दुसऱ्या एका ड्रायरसाठी आणलेला नवा हिटर माझ्या पिशवीत होता, तो घातला. नवी वायर टाकली आणि हिरवी तार परसातल्या बोअरच्या लोखंडी पाइपापर्यंत ओढून घट्ट आवळली. मग टेस्टर लावला, अंगठा ठेवून लावला. दिवा लागला नाही. आता खरंच लागत नव्हता.

सासूबाईंनी विचारलं, काय केलंस? मी म्हटलं, काय नाही काकी, तुटलेली वायर बदलली.

पोरासाठी केलं, असं मला म्हणता आलं असतं. पण पोरासाठी करायचं तर सांगून करता येत होतं — काकी, यात बिघाड होता, सून खरं बोलत होती, ती पोराला वाचवत होती. जुना हिटर माझ्या पिशवीत होता, तडकलेला तुकडा दाखवता आला असता. मी तो घरी आणला आणि भंगारात दिला. भंगारवाल्यानं तो गोणीत टाकला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय केलंय. मशीनमध्ये बिघाड होता तोवर रूपालीकडं पुरावा होता. मी तो काढून घेतला.

आणि ती आलीच. वडील, भाऊ, गावातली चार जाणती माणसं घेऊन. सासूबाईंनी मला बोलावून घेतलं होतं. रूपाली वाळली होती. दाद्याकडंसुद्धा बघितलं नाही — बघितलं असतं तर धीर सुटला असता तिचा. म्हणाली, आज सगळ्यांसमोर दाखवते. मशीन चालू करायला लावलं. तांब्याभर पाणी आपल्या पायांवर ओतून घेतलं. तिला वाटत होतं की आता जोरात बसणार, आणि तरीही तिनं दोन्ही तळवे पत्र्यावर टेकवले.

काही झालं नाही.

तिनं तळवे उचलले, परत टेकवले. मग गाल टेकवला. ड्रम फिरत होता, आत दाद्याची दुपटी फिरत होती. तिच्या भावानं मान खाली घातली. तिचे वडील सासूबाईंपुढं हात जोडून उभे राहिले — म्हातारा माणूस, डोक्यावर टोपी — आणि म्हणाले, "पदरात घ्या, लेकरू हाय."

हे बघायलाच तर मी इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. अगदी असंच. आता ते समोर होतं. रूपालीनं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग असता तर मी बोलले असते, शपथ. राग नव्हता. ती म्हणाली, "संगे, तू बरोबर सांगत होतीस गं. माझंच डोकं फिरलं होतं." चहा आला, मी चहा प्याले.

तिला त्यांनी पदरात घेतली. साताऱ्याला डॉक्टरकडं नेतात. गोळ्या चालू आहेत, त्यानं ती सुस्त झालीय. मशीन एकदम छान चालतं. सासू वाईट वागते असंही नाही. फक्त रूपाली आता स्वतःचं काही धरून बसत नाही. दूध नासलंय का, दुसऱ्याला चव घ्यायला लावते. उकडतंय का, हे दुसऱ्याला विचारून मग पंखा लावते. शंका आली की मला फोन करते, कारण तिच्या लेखी तिला सगळ्यात आधी खरं सांगणारी मी.

तिच्यावरचा माझा राग गेला का? नाही. वडील अजून मला खोटी समजतात, आणि त्याचं मूळ तीच आहे. मी तो राग सोडलेला नाही, सोडेन असंही वाटत नाही. आणि तिनं माझ्यावर जो आळ घेतला, तो चुटकीसरशी घेतला, भेदरून घेतला. मी मात्र थंड डोक्यानं, आपल्या कामाची हत्यारं वापरून, पुन्हा पुन्हा केलं. सांगायचं ते एवढंच होतं.

गेल्या आठवड्यात सकाळीच तिचा फोन आला. म्हणाली, "दाद्याचं अंग मला लय गरम लागतंय. आत्याबाई म्हणतात काय न्हाई. तू येतीस का गं हात लावून बघायला? माझ्या हाताचं काय खरं न्हाई."

मी गेले. कपाळाला हात लावला. पोर तापानं फणफणलं होतं.